वारज्याचं सिप्ला सेंटर : पेशंटपेक्षा सोबतच्या माणसांसाठी लिहितोय

पुण्यातल्या वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरबद्दल (पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होण्यासारखा नसला तरी पेशंटचं दुखणं, त्रास कमी करायचा, ती सेवा) मला एवढ्या जणांनी फोन करून विचारलंय की म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू, पुढच्या माणसाला नुसतं पाठवून देता येईल. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार. आणि खाली एवढं लांबलचक वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा, तिथं शेवटच्या आठवड्यात नेऊ नका, लवकर न्या.

आधी माहिती. हे सेंटर १९९७ पासून आहे, सिप्ला औषध कंपनीच्या फाउंडेशनचं, डॉ. युसूफ हमीद यांच्या पुढाकारातून उभं राहिलेलं. पेशंटकडून पैसे घेत नाहीत, ना बेडचे ना औषधाचे. हे सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो "फुकट म्हणजे कसंतरीच असणार". नाही हो. स्वच्छ आहे, झाडं आहेत, बाहेर बसायला जागा आहे, आणि मुख्य म्हणजे तिथं कोणी घाईत नसतं. पेशंटसोबत घरातलं एक माणूस राहतं, आणि या गोष्टीसाठीच मी हे लिहायला घेतलंय.

आमचे काका सातारा जिल्ह्यातले, कोरेगाव तालुक्यातले. शेतकरी माणूस, आयुष्यभर तंबाखू-चुना. गालाचा कॅन्सर निघाला, महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, काही महिने बरे गेले आणि मग मानेला गाठ आली. ती फुटली. ज्या हॉस्पिटलात ट्रीटमेंट चालू होती (नाव घेत नाही, घेऊन काही उपयोगही नाही) तिथं ओपीडीत तासन्तास थांबून दोन मिनिटं भेटले डॉक्टर, म्हणाले आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या, त्यांना आवडेल ते खाऊ घाला. आता ज्या माणसाचं तोंड एक बोट जाईल एवढंही उघडत नाही, नाकात नळी आहे, त्याला आवडेल ते काय खाऊ घालायचं? साधं नळीतून दूध कसं घालायचं ते पण काकूंना कोणी नीट दाखवलेलं नव्हतं, वॉर्डातल्या मावशींनी जाता जाता एकदा दाखवलं तेवढंच. पेनकिलरची चिठ्ठी दिली आणि विषय संपला त्यांच्या बाजूने.

घरी गेल्यावर काय होतं ते ज्याच्या घरात झालंय त्यालाच माहीत. रात्रभर कण्हणं. जखमेचा वास, इतका की शेजारपाजारचे ओट्यापर्यंत येऊन तिथूनच चौकशी करून जायचे. काकू बाजूच्या खोलीत पण जाऊन झोपायच्या नाहीत. चुलतभाऊ सकाळी उसाला पाणी द्यायला जायचा, रात्री बापाजवळ बसायचा. त्याची बायको दोन्ही वेळचं सगळं बघून परत धुण्याला, कारण चादरी रोज बदलायला लागायच्या. आणि भेटायला येणारा प्रत्येक माणूस एक नवीन काढा सांगून जायचा.

मी पिंपरीला राहतो, ऑफिसमधल्या एका मॅडमनी या सेंटरचं सांगितलं. त्यांच्या सासूबाई तिथं होत्या. मी फोन केला, रिपोर्ट काय काय आहेत ते विचारून घेतलं त्यांनी, या म्हणाले. गावाकडे मात्र मोठी बैठकच बसली. काकूंचे भाऊ म्हणाले, "म्हंजी मरायला नेऊन ठेवायचं का दाजींना? लोक काय म्हणत्याल?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो म्हणून सांगतो, तिथून माणसं घरी परत येतात. दुखणं आटोक्यात आणायचं, जखम, उलटी, झोप याचं काहीतरी जमवायचं, घरच्यांना शिकवायचं आणि घरी पाठवायचं, असं चालतं. काही जण तिथं शेवटपर्यंत असतात, हे पण खरं, लपवण्यासारखं नाही. पण काका तिथून चालत गाडीत बसले. नेताना आम्ही त्यांना मागच्या सीटवर आडवं घालून नेलं होतं, खंबाटकीत गाडीने जरा धक्का घेतला की ते दाराचं हँडल घट्ट धरायचे.

आता तिथं नेमकं काय करतात ते.

दुखण्यासाठी मॉर्फिन सुरू केलं, गोळी, नळीतून द्यायची म्हणून चुरून पाण्यात. मॉर्फिन म्हटलं की घरात सगळ्यांना वाटतं आता संपलं, नाहीतर वाटतं गर्दुल्ला होईल माणूस. डॉक्टरांनी काकूंना, भावाला आणि मला समोर बसवून सांगितलं की दुखण्याच्या प्रमाणात डोस ठरतो, हळूहळू वाढवत नेतात, तो बरोबर बसला की पेशंट बोलतो, बसतो, पेपर वाचतो. व्यसन बिसन या दुखण्यात सहसा होत नाही. सुरुवातीचे दोन-तीन दिवस झोप जास्त येईल, मळमळेल, मग कमी होईल, पण बद्धकोष्ठ होणारच म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत सुरूच ठेवायचं, ते कधी चुकवायचं नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे दुखायची वाट बघायची नाही, घड्याळाप्रमाणे द्यायचं. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० ला डबल, म्हणजे मध्यरात्री उठायला लागत नाही. पेशंटला पण नाही आणि काकूंना पण नाही! हे डबल डोसचं ऐकून काकू पहिल्यांदा हसल्या त्या दिवसात.

काकूंचं शिक्षण बेताचं, औषधांची नावं वाचता येत नाहीत. तर एका सिस्टरनी पुठ्ठ्यावर चार्ट करून दिला. उगवता सूर्य, वर चढलेला सूर्य, डोक्यावरचा सूर्य, मावळता सूर्य, चंद्र, आणि प्रत्येकाखाली त्या त्या वेळच्या गोळीचं रिकामं पाकीट स्टेपल केलेलं. चंद्राखाली दोन. पोट साफ व्हायच्या गोळीच्या बाजूला त्यांनी चक्क तांब्या काढला होता, आणि त्यावरून वॉर्डभर हसाहशी झाली. तो चार्ट घरी देव्हाऱ्याच्या बाजूला लावला होता काकूंनी, आणि मी इंजिनिअर असून माझ्यापेक्षा वेळा त्यांना पक्क्या पाठ.

मग जखम. हे वाचायला जड जाईल पण ज्याच्या घरात आहे त्याला हेच पाहिजे असतं. वासाचं कारण जखमेतले जंतू, आणि त्याला साधा उपाय निघाला, मेट्रोनिडाझोल, आपल्याकडे जुलाबाला देतात ती स्वस्तातली गोळी. तिची बारीक पूड करून धुतलेल्या जखमेवर भुरभुरायची, वर ओलसर गॉझ, म्हणजे पट्टी काढताना चिकटून रक्त येत नाही. (प्रत्येक जखम वेगळी असते, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.) दोन-तीन दिवसांत वास एवढा कमी झाला की आधीच्या हॉस्पिटलात इतक्या फेऱ्या मारल्या तेव्हा हे एवढंसं कोणी सांगू नये याचा मला खरंच संताप आला. हजारोंचे इंजेक्शन लिहितात हो, आणि ही काही रुपयांची गोळी नाही.

ड्रेसिंग आधी सिस्टर करायच्या, काकू बघायच्या. मग काकू करायच्या, सिस्टर बघायच्या. मग सिस्टर खोलीच्या दारात उभ्या राहायच्या. काकूंचे हात पहिल्या वेळी थरथरत होते, काका डोळ्यांनीच त्यांना धीर देत होते, हे मी स्वतः पाहिलंय. नळीचं पण तसंच, पाठीला उशा लावून अर्धवट बसवायचं, पेज फडक्यातून गाळून घ्यायची, हळू सोडायची, नंतर पाणी सोडून नळी साफ करायची, आणि लगेच आडवं करायचं नाही. कूस बदलायची कशी, पाठ लाल दिसली तर काय करायचं, तोंड कसं पुसायचं, सगळं हाताने करून घेतलं त्यांच्याकडून.

आणि एक गोष्ट अशी शिकवली की जी मी कुठंही वाचली नव्हती. सिस्टरनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं की मानेची जखम आहे, कदाचित कधीतरी एकदम रक्त येऊ शकतं. घरात एक गडद रंगाचा जुना टॉवेल, लाल किंवा चॉकलेटी, बेडजवळ घडी करून ठेवा. पांढऱ्यावर रक्त दिसलं की पेशंट पण घाबरतो आणि बघणारे पण. तो दाबून धरा, हात सोडू नका, आम्हाला फोन करा. एवढंच. काकूंनी परत आल्यावर लग्नातला आलेला एक मरून टॉवेल काढून ठेवला, सुदैवाने लागला नाही. पण काय होऊ शकतं आणि झालं तर आपण काय करायचं हे माहीत असलं की घरातली भीती निम्म्याने उतरते, हे मला तिथं कळलं.

आता घरच्यांचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी काकांचं सगळं बघून झाल्यावर काकूंना विचारलं, "मावशी, तुमचं कसं चाललंय? काही गोळ्या चालू आहेत का तुमच्या?" काकूंना बीपीची गोळी चालू होती आणि ती काकांच्या या सगळ्यात कधी बंद पडली ते त्यांनाच सांगता येईना. बीपी बघितलं तर चांगलंच वाढलेलं. आम्ही चार माणसं आसपास होतो, भाऊ, वहिनी, मी, माझी बायको, एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. तेव्हापासून गोळी सुरू, आणि वर दुपारचं तासभर झोपायचं असा हुकूम, तेवढा वेळ तिथली माणसं काकांकडे बघायची.

समुपदेशन म्हणतात तो भाग मला आधी टाइमपास वाटायचा, म्हणजे गोड बोलून काय होणारे असं. तर झालं असं की आम्ही काकांना "गाठीला पू झालाय, कमी होईल" असं सांगत होतो. सगळ्या गावाने मिळून नाटक चालवलं होतं. तिथल्या सोशल वर्कर ताईंना पण काकूंनी हात जोडून सांगितलं, त्यांना सांगू नका, हाय खातील. ताईंनी वाद घातला नाही. फक्त म्हणाल्या, मी सांगणार नाही, पण ते काय समजतात ते त्यांना विचारू का? आणि एकट्याने बसल्या त्यांच्यासोबत. काकांना बोलता येत नव्हतं, पाटीवर लिहायचे. त्यांनी लिहिलं ते ताईंनी नंतर काकांच्याच परवानगीने आम्हाला दाखवलं. पहिली ओळ, मला सगळं म्हायती हाय. मग सोसायटीचं कर्ज किती राहिलंय, उसाचं बिल कुठल्या खात्यावर येणार, विहिरीतला भावाचा हिस्सा काय ठरलाय, आणि शेवटी म्हैस विकू नका, गाभण हाय. आम्ही बाहेर बसून काकांना धक्का बसेल म्हणून घाबरतोय आणि हा माणूस म्हशीचा हिशोब करत बसलाय! त्या दिवसानंतर काका-काकू एकमेकांशी खरं बोलायला लागले. उसाचं, बँकेचं सगळं त्यांच्या समोर बसून मार्गी लागलं. नॉमिनीचं नाव लावायचं राहिलं होतं ते पण झालं, नाहीतर नंतर तालुक्याला किती खेटे घालायला लागतात ते ज्यांनी घातलेत त्यांना विचारा.

पोराचं पण सांगतो. भावाचा मुलगा चौथीत आहे, त्याला आजोबांपासून लांब ठेवला होता, मामाकडे पाठवून दिला होता. ताई म्हणाल्या, त्याला आणा, काय दिसेल ते आधी सांगा, आणि त्याने विचारलं तर खोटं सांगू नका. आला. पहिल्यांदा दारातच थांबला, पट्टीकडे बघत राहिला, मग विचारलं, "आबा, नळीतनं चहाची चव लागती का?" काकांनी पाटीवर लिहिलं, न्हाय. मग दोघं पाटीवर फुली-गोळा खेळत बसले. त्यानंतर परत मामाकडे जायला तयार नाही गडी.

आता अपेक्षा काय ठेवायची नाही ते पण सांगतो, म्हणजे नंतर चिडचिड नको. इथं केमो, रेडिएशन, ऑपरेशन होत नाही, व्हेंटिलेटर बिंटिलेटर नाही. "काहीही करा पण वाचवा" अशा मनाने गेलात तर तुमची निराशा होईल. शेवटी शेवटी सलाईन लावायचा आग्रह पण ते धरत नाहीत, आणि यावर आमच्याकडे भांडण झालं, काकूंचे भाऊ म्हणाले उपाशी मारताय का. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की शेवटच्या टप्प्यात शरीरच खाणं-पाणी मागत नाही, जबरदस्तीने घातलेलं पाणी छातीत साचतं, सूज येते, घरघर वाढते. ओठ ओले ठेवा, तोंड ओलं ठेवा. हे पटायला आमच्याकडच्या माणसाला फार जड जातं, कारण खाऊ घालणं हीच आपली माया दाखवायची पद्धत. काकूंच्या भावांना पटलं की नाही माहीत नाही, गप्प बसले खरं.

घरी येऊन बघणारी टीम असते पण ती आसपासच्या भागासाठी, कोरेगावला कशी येणार. आम्हाला फोनचा आधार होता आणि तो पुष्कळ होता. मॉर्फिनचं मात्र बाहेरगावच्या लोकांनी आधीच प्लॅनिंग करा. मॉर्फिन ज्यात येतं तो नार्कोटिक्सचा, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, २०१४ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त हॉस्पिटलांना ही औषधं ठेवणं सोपं केलं, हे कागदावर चांगलंच आहे, पण आमच्या तालुक्यात एकाही मेडिकलवाल्याकडे गोळी नव्हती, एकाने तर मी चोर असल्यासारखं बघितलं. म्हणून गोळ्या संपायच्या चार-पाच दिवस आधी मी पेपर घेऊन वारज्याला जायचो आणि पुढची सोय करायचो. घरात असं जाणारं एक माणूस ठरवून ठेवा. आणि गोळ्या पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, उरल्या तर परत द्या.

काका घरीच गेले, पहाटे, आपल्या खाटेवर, म्हशीने पण तोपर्यंत रेडकू दिलं होतं. नंतर सेंटरमधून काकूंना फोन आला चौकशीचा, कामाचा काही विषय नव्हता, नुसतं कशा आहात विचारायला. काकू त्या फोनवर जेवढं बोलल्या तेवढं दिवसकार्याला आलेल्या पाहुण्यांशी पण बोलल्या नव्हत्या.

मुंबईकडच्यांनी मला विचारलंय म्हणून, तिकडे बांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन आहे, १९८६ चं, देशातलं पहिलं हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारी जागा), तिथंही पैसे घेत नाहीत, आणि गोव्यात लोटलीला त्यांचीच शाखा आहे. टाटाला अजून ट्रीटमेंट चालू आहे आणि नातेवाइकांनी फूटपाथवर झोपायची वेळ आलीये अशांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती, पण ती वेगळी गरज, तिथं हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी घेऊन जा, आणि लवकर जा कारण गर्दी कायम असते. मी स्वतः फक्त वारज्याचं अनुभवलंय, त्यामुळे स्टार तेवढ्यालाच.

जायचं कसं, तर सातारा-कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी शहरात शिरायचंच नाही, कात्रजच्या नवीन बोगद्यातून सरळ बायपासने वारजे. नवले पुलावर मात्र ट्रॅफिक भयंकर असतं, पेशंटला घेऊन येणार असाल तर पहाटे निघा, आणि निघायच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी द्या, आम्हाला तिथल्याच सिस्टरनी परत जाताना हे सांगितलं.

आधी फोन करा, बेड आहे का विचारा, मग निघा. सोबत बायोप्सीचा रिपोर्ट, सगळी डिस्चार्ज कार्डं, शेवटचं स्कॅन, पेशंटचं आणि राहणाऱ्या माणसाचं आधार कार्ड, आणि चालू असलेल्या औषधांची पाकिटं, नुसती चिठ्ठी नको, पाकिटंच न्या. राहणारं माणूस म्हणून घरातलं सगळ्यात शिकलेलं नको, घरी गेल्यावर जे प्रत्यक्ष करणार आहे ते माणूस ठेवा. आमच्याकडे आधी मीच राहतो म्हणालो होतो, पण भावाच्या बायकोने सरळ सांगितलं, "भाऊजी, तुम्ही सोमवारी हापिसला जाणार, मग पट्टी कोण करणार?" बरोबर होतं तिचं. काकूच राहिल्या, आणि अधनंमधनं वहिनी त्यांना सुट्टी द्यायला. तसं आधीच ठरवून जा.